तेल्यांच्या घरी तेलाचा सण

डिसेंबरात आमच्याकडे ठाण्यातसुद्धा खोबरेल गोठतं. पूर्ण दगड नाही होत, पण सकाळी बाटली उलटी केली तर पांढरं काहीतरी हळूहळू सरकतं आणि मध्येच थांबतं. बाकी घरांत लोक ही बाटली डोक्याला लावायला म्हणून गरम पाण्यात धरतात, आमच्याकडे आई ती दुपारी दोन वाजता खिडकीत उन्हात ठेवते आणि दर दहा मिनिटांनी जाऊन बघते. संध्याकाळी दिवे लावायचे असतात ना. "आत्ताच काढून ठेव, मग ऐनवेळी धावपळ नको" हे वाक्य हनुक्काच्या, म्हणजे आमच्या दिव्यांच्या सणाच्या, आठ दिवसांत आठ वेळा ऐकायचं, त्याला पर्याय नाही.

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे मराठी बोलणारे, कोकणातले ज्यू. आडनावाच्या शेवटी 'कर', घराच्या चौकटीला मेझुझा (धर्मवचनांची छोटी डबी) आणि फ्रीजमध्ये नारळाचं दूध. कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न "म्हणजे ख्रिश्चन का?" आणि दुसरा "मग तुम्ही मराठी इतकं चांगलं कसं बोलता?" दुसऱ्या प्रश्नावर मी आता नुसती हसते. रायगड जिल्हा कुलाबा होता तेव्हापासून, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून आम्ही तिथलेच. पणजोबांचा पेणजवळच्या गावात तेलाचा घाणा होता. आमच्यातल्या बहुतेकांचा तोच धंदा. शनिवारी घाणा बंद, बैल मोकळा, म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली. जात विचारली की हेच सांगायचं, आणि गावालाही तेवढं पुरायचं.

आता गंमत ऐका. ज्यूंच्या सगळ्या सणांत तेलाचा म्हणावा असा सण एकच, हनुक्का. आणि तेलावर पिढ्यान् पिढ्या जगलेल्या आमच्या लोकांना नेमका तोच सण माहीत नव्हता.

खरंच नव्हता. बाकीचे होते, पण त्यांना हिब्रू नावं नव्हती, मराठी होती. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण, त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही. खिरीचा सण होता. पुरीमला होळीचा सण म्हणायचे कारण येतो तो होळीच्याच सुमाराला. मंदिर पडल्याच्या दुखवट्याचा उपवास म्हणजे बिरड्याचा रोजा, कारण त्याला जोडून वालाचं बिरडं खायचं (जेरुसलेमचं मंदिर पडल्याचं दुःख वालाच्या बिरड्याशी जोडणारी जगात दुसरी जमात असेल असं मला वाटत नाही, आणि मला याचा अभिमान आहे). पण या सगळ्या यादीत दिव्यांचा सण नाही. त्याला मराठी नावच नाही. आजही नाही, आम्ही हनुक्काच म्हणतो.

का नव्हता याचं एक उत्तर आमच्यात लहानपणापासून सांगतात. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, बाकीच्यांना तिथेच पुरलं, ती दफनभूमी अजून आहे. हे लोक निघाले कधी? तर अँटिओकस राजाच्या जुलमाच्या काळात, म्हणजे हनुक्का ज्या लढाईमुळे सुरू झाला ती लढाई जिंकायच्या आधी. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ च्या सुमारास आमच्या समाजाचा इतिहास लिहिला, तो छापून आला १९३७ साली, त्यांनीही हाच तर्क मांडला आहे. सण सुरू होण्याआधीच आम्ही बोटीत बसलो होतो, मग आम्हाला तो माहीत कसा असणार! इतिहासकारांचं यावर एकमत नाही, कुणी आम्हाला बरंच नंतर आलेले मानतात. मी यात पडत नाही. मला ती गोष्ट अशीच आवडते. आपण घरातून निघावं आणि पाठोपाठ घरात लग्न व्हावं, आणि ते आपल्याला दोन हजार वर्षांनी कळावं.

कळलं ते बाहेरून. आधी दावीद राहबी नावाचा माणूस कोकणात आला, त्यानं म्हणे बायकांसमोर सगळ्या प्रकारचे मासे ठेवले, आणि त्यांनी पर आणि खवले नसलेले, ज्यूंना वर्ज्य असलेले मासे बाजूला काढले, त्यावरून त्यानं ओळखलं की हे आपलेच. तो नेमका कधी आला यावरही वाद आहेत. नंतर एकोणिसाव्या शतकात कोचीनचे ज्यू शिक्षक म्हणून आले, मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलेलं आमचं पहिलं सिनेगॉग होतंच (मस्जिद बंदर स्टेशनच्या नावातली मशीद ती हीच बरं का, आमचे लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे), जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली, आणि या सगळ्या हिब्रू शिकण्याच्या लाटेत कधीतरी हनुक्का आमच्या घरात शिरला. सुनेसारखा. आता ती इतकी जुनी झाली आहे की तिला माहेर होतं हेच कुणाला आठवत नाही.

आमच्या घरचा हनुक्किया (या सणाचे दिवे मांडायचा स्टँड) म्हणजे एक लाकडी फळी आहे, भिंतीला टांगायची. तिला पितळेच्या आठ कड्या एका ओळीत, आणि नववी थोडी वर. प्रत्येक कडीत काचेचा छोटा पेला बसतो. पेल्यात अर्ध्याहून जास्त पाणी, वर दोन चमचे खोबरेल, त्यात कापसाची वात. तेल पाण्यावर तरंगतं, वात तेल संपेपर्यंत जळते आणि पाण्याला टेकली की चर्र करून स्वतःच विझते. फुंकर मारायची गरज नाही. दोन चमचे हे आईचं माप, आजीचंही तेच, कारण दिवा चांदण्या दिसल्यावर निदान अर्धा तास तरी जळायला हवा असा नियम आहे. शुक्रवारी मात्र तीनचार चमचे, कारण शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी लागणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाच्या आधी, उजेड असतानाच लावावे लागतात आणि तरी अंधार पडल्यावरही ते चालू राहिले पाहिजेत. आठांपैकी एक पेला घर बदलताना फुटला. त्याच्या जागी औषधाच्या दुकानातून आणलेलं काचेचं छोटं भांडं आहे, ते कडीत हलतं म्हणून त्याला चिंधी गुंडाळलेली. दरवर्षी मी म्हणते नवीन बघू या, दरवर्षी आई म्हणते चालतंय की.

माझी बहीण इस्राएलमध्ये अश्दोदला असते. तिनं एकदा तिकडून चकचकीत स्टीलचा हनुक्किया पाठवला आणि रंगीत मेणबत्त्यांचा डबा. डब्यात बरोब्बर ४४ मेणबत्त्या असतात. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं आठपर्यंत म्हणजे ३६, आणि रोजची एक वेगळी शमाश, तिच्यानं बाकीच्या पेटवायच्या, त्या आठ. माझ्या लेकीला मेणबत्त्याच आवडतात, त्यामुळे आता आमच्याकडे दोन्ही लागतात, फळी आईची आणि स्टीलचा तिचा. मेणबत्त्यांसाठी पंखा बंद करावा लागतो आणि ठाण्यात डिसेंबरातही पंखा बंद केला की सगळे एकमेकांवर चिडतात, ते एक असो.

पेटवण्याचा क्रमही मजेशीर. भरायचे उजवीकडून डावीकडे, हिब्रू लिहितात तसे, पण पेटवायचा आधी सगळ्यात नवा, म्हणजे डावीकडून उजवीकडे येत जायचं. यावर जुन्या पंडितांत भांडण झालं होतं. शम्मायच्या गटाचं म्हणणं, पहिल्या दिवशी आठ लावा आणि रोज एक कमी करा. हिल्लेलच्या गटाचं म्हणणं, एकापासून सुरू करा आणि वाढवत न्या. हिल्लेलचं चाललं. आमचे पप्पा म्हणायचे, शम्मायनं तेलाचा हिशोब बरोबर केला होता, तेल रोज कमीच होतं, पण हिल्लेलला पोरांचं कळत होतं.

बेराखा, म्हणजे दिवे लावतानाची आशीर्वादाची प्रार्थना, आई म्हणते. सेफार्दी (स्पेनकडच्या ज्यूंच्या) पद्धतीनं, 'लेहादलिक नेर हनुक्का'. बहिणीचा नवरा अश्केनाझी, म्हणजे युरोपीय ज्यू घरातला, त्यांच्यात मध्ये एक 'शेल' येतो, तो आला की आई इथून व्हिडिओ कॉलवरही भुवई उचलते. पहिल्या दिवशी तीन बेराखा, नंतर दोनच. मग 'हनेरोत हल्लालू', त्याचा मुद्दा असा की हे दिवे पवित्र आहेत, यांच्या उजेडात काही काम करायचं नाही, नुसतं बघायचं. म्हणूनच तर शमाश वेगळा ठेवतात, उजेड पडलाच तर तो त्याचा म्हणता यावा. आणि याला जोडून एक रीत आहे जी माझ्या आईला सगळ्या तोराहपेक्षा (आमच्या धर्मग्रंथापेक्षा) जास्त पाठ आहे: वाती जळत असतात तोवर घरातल्या बायकांनी काम करायचं नाही. अर्धा तास. ती सोफ्यावर बसते, पाय वर घेते, आणि कुकरची शिट्टी झाली तरी हलत नाही. "मी नाही उठणार, मना आहे." वर्षभर हिला बसा म्हणून विनवण्या कराव्या लागतात, हनुक्कात ती धर्माचा आधार घेऊन बसते.

त्यामुळे तळण सगळं आधी उरकावं लागतं आणि आम्ही ते गार खातो. तळण हवंच, तेलाचा सण आहे. आमच्याकडे पहिल्या दिवशी बटाटेवडे, एक दिवस कांदाभजी, एक दिवस शंकरपाळे, आणि एक दिवस गुलाबजाम. गुलाबजाम खव्याचे, म्हणजे त्या दिवशी मटण-चिकन बंद, कारण दूध आणि मांस एकत्र चालत नाही. म्हणून मटण असेल त्या दिवशीच्या गोडात आम्ही सगळीकडे नारळाचं दूध घालतो, हे कोकणानं आमच्यावर केलेले उपकार. बहीण मात्र सुफगानियोतचे फोटो पाठवते, म्हणजे आत स्ट्रॉबेरी जॅम भरलेले तळलेले गोल पाव, तिकडे बेकऱ्यांत कितीतरी आधीपासून मांडलेले असतात. लेकीनं एका वर्षी हट्ट केला की जगभर ज्यू लोक लाटके करतात, आपण का नाही? केले. बटाटा किसला, पिळला, कांदा, अंडं, मीठ, थापून तव्यावर तेलात. आईनं एक तुकडा मोडला, खाल्ला, आणि म्हणाली, "हे बटाट्याचं थालीपीठ आहे." मग हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून दुसरा घाणा काढला तेव्हा सगळ्यांनी खाल्ले.

हो, घाणा. आपण तळणाच्या एका खेपेला घाणाच म्हणतो. मला तो शब्द त्या दिवशी कढईसमोर उभी असताना पहिल्यांदा ऐकू आला, तोवर नुसता तोंडात होता.

गोष्ट तर सगळ्यांना माहीत असते, तरी थोडक्यात. अँटिओकस चौथा, सीरियाचा ग्रीक राजा, त्यानं ज्यूंचा धर्म बंद केला, शब्बाथ बंद, सुंता बंद, मंदिरात ग्रीक देवाचं स्थान केलं. मोदिईन गावच्या मत्तित्याहू नावाच्या म्हाताऱ्या पुरोहितानं आणि त्याच्या पाच मुलांनी बंड केलं, त्यातला यहूदा मक्काबी पुढारी झाला, आणि डोंगरातून गनिमी काव्यानं लढून (हे वाक्य सांगताना पप्पांची छाती फुगायची, जणू स्वराज्याचीच गोष्ट) इ.स.पू. १६४ मध्ये मंदिर परत मिळवलं. मंदिरातला दिवा लावायचा तर शुद्ध तेलाची एकच कुपी सापडली, एका दिवसापुरती, आणि ती आठ दिवस जळली. ही तेलाची गोष्ट खरं तर तालमुद या रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) ग्रंथातली आहे, कितीतरी नंतरची. मक्काबींच्या जुन्या ग्रंथांत कुपी नाहीच. तिथे लढाई आहे आणि सुक्कोत या दुसऱ्या सणाचा राहून गेलेला आठ दिवसांचा उत्सव उशिरा केल्याचं आहे. पण लक्षात राहिली ती कुपीच.

लेक आठ वर्षांची असताना तिनं विचारलं, एका दिवसाचं तेल तर होतंच ना, मग चमत्कार सातच दिवसांचा झाला, आठ का? मी आत्ता कुठे पेला पुसत होते, मला काही सुचेना. नंतर कळलं की हाच प्रश्न सोळाव्या शतकात योसेफ कारो या धर्मपंडितानं विचारला आहे आणि त्याची ढिगानं उत्तरं दिली गेली आहेत. पण त्या दिवशी पप्पांनी तिला उत्तर दिलंच नाही, उलटा प्रश्न विचारला, आणि तो मला अजून जास्त आवडतो. "ते राहू दे. आठ दिवस का लागले नवीन तेल आणायला? दुसऱ्या दिवशी घाणा का नाही लावला?"

तेल्याचा नातू असाच विचारणार! रब्बींना चमत्काराची चिंता, आणि यांना पुरवठ्याची. घाण्यावर तेल निघायला आठ दिवस लागतात हे पप्पांना पटेचना. त्याचंही उत्तर जुन्या पुस्तकांत आहे, आणि ते आमच्या सिनेगॉगमधल्या एका आजोबांनी सांगितलं: लढाई करून आलेले लोक, मेलेल्यांना हात लागलेला, म्हणजे सात दिवस सुतक, त्यात शुद्ध तेल गाळता येत नाही, आठव्या दिवशी गाळायचं. दुसरं उत्तर असं की चांगलं ऑलिव्ह जिथे मिळायचं ते गाव लांब, जायला चार दिवस, यायला चार. पप्पांना सुतकाचं लगेच पटलं. "मग बरोबर आहे," म्हणाले, "सुतकात घाणा कोण लावणार." आणि वडा घेतला.

आता ते नाहीत. प्रश्न मात्र आम्ही दरवर्षी विचारतो, पहिल्या दिवशी, पहिली वात लागली की. आमची रीत झाली आहे ती, आमच्या घरापुरती.

तारखेचाही घोळ असतो. हनुक्का किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला सुरू होतो आणि आमचं पंचांग तुमच्यासारखंच, चंद्रावर महिने आणि सूर्याशी मेळ घालायला मध्येच अधिक महिना, १९ वर्षांत सात वेळा. त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी हलते. २०२४ साली तर पहिली वात नेमकी २५ डिसेंबरच्या संध्याकाळी आली आणि वॉचमननं जिन्यात गाठून मेरी ख्रिसमस म्हटलं. मी त्याला सांगितलं की आमचीही पंचवीसच, पण किस्लेवची, तो अच्छा अच्छा म्हणाला आणि चॉकलेट मागायला विसरला नाही. शेजारच्या काकू मात्र पहिल्यापासून म्हणतात, "तुमची दिवाळी उशिरा येते." लहानपणी मला राग यायचा, दिवाळी नाही हो, म्हणून मी भांडायचे. मग एकदा कॅलेंडर घेऊन बसले तर काकू फार चुकलेल्या नव्हत्या. दिवाळी अमावास्येच्या आधी सुरू होऊन मधोमध अमावास्या घेऊन शुद्ध द्वितीयेला भाऊबीजेनं संपते. हनुक्का किस्लेवच्या पंचविसाव्याला, म्हणजे चंद्र अगदी बारीक झालेला असताना सुरू होतो, मध्ये अवस, आणि संपतो पुढच्या तेवेतच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. महिनाभराचा फरक, एखाद्या वर्षी दोन महिन्यांचा, पण आकाश तेच. सगळ्यात काळ्या रात्रींत दिवे. यावर मी काही सिद्धांत मांडत नाही, उगाच सगळं एकच आहे वगैरे मला आवडत नाही, एकच नाहीये. पण काकूंशी भांडायचं बंद केलं.

आमचा असा अगदी आमच्या मातीतला थंडीतला सण खरं तर हनुक्का नाहीच, तो पुढे येतो, शेवात महिन्याच्या पंधराव्याला, तू बिश्वात. झाडांचं नवीन वर्ष. त्या दिवशी मलिदा करायचा, भिजवलेले पोहे, साखर, खवलेला नारळ, सुका मेवा, वर फळं मांडून एलियाहू हनाबीचं (प्रेषित एलियाहूचं) नाव घ्यायचं, आणि जमलं तर अलिबागजवळ खंडाळ्याला जायचं, जिथे कातळावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत असं आमचे लोक मानतात. मलिदा जगात दुसऱ्या कुठल्या ज्यूला माहीत नसतो. बहीण अश्दोदला मलिदा करते तर तिच्या शेजारणी फोटो काढतात. म्हणजे हिशोब बघा, मलिदा आम्ही त्यांना दाखवतो आणि हनुक्का आम्ही त्यांच्याकडून शिकलो. मला मलिदा जास्त जवळचा, हे कबूल. पण हनुक्काच्या दिव्यांपुढे बसल्यावर जे वाटतं ते मलिद्याला नाही वाटत. असं वाटतं की हे आपलं होतं, मध्ये हरवलं होतं, आणि ज्यांच्या हाताला रोज तेल लागत होतं त्यांनाच ते हरवल्याचं माहीत नव्हतं. पणजोबा शुक्रवारी संध्याकाळी बैल सोडून हात पुसत असतील तेव्हा कधीतरी तो किस्लेवचा पंचविसावा असणारच ना.

दिवे खिडकीत लावायचे असतात. चमत्काराची जाहिरात व्हावी म्हणून, अक्षरशः तसाच नियम आहे, रस्त्यावरून दिसायला हवेत. पण आमच्या खिडकीला ग्रिल, ग्रिलला मच्छरजाळी, आणि बाहेर शेजारच्यांच्या दोऱ्या. २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर एकदोन वर्षं आईनं फळी आतल्या भिंतीलाच लावली, पडदा ओढून. त्यात सापडलेलं ज्यूंचं केंद्र नरिमन हाऊस आमच्यापासून लांब, पण भीतीला लांब-जवळ नसतं. मग एका वर्षी पप्पांनी काही न बोलता खिडकीच्या चौकटीवर खिळा ठोकला. फळी तेव्हापासून तिथे आहे.

रात्री साडेआठला आमच्या वाती कधीच्या विझलेल्या असतात, जेवणं चालू असतात, तेव्हा बहिणीचा कॉल येतो, तिकडे पाच वाजलेले असतात आणि अंधार पडत असतो. ती तिथले दिवे लावते, आम्ही इथे हातातला घास ठेवून परत आमेन म्हणतो. आई प्रत्येक वेळी विचारते, वाऱ्यानं विझतात का गं तिथे, आणि ती म्हणते नाही, काचेच्या पेटीत ठेवलेत.

आठव्या दिवसानंतर पेल्यांमध्ये जे तेल उरतं ते स्वयंपाकाला किंवा डोक्याला वापरायचं नाही, हनुक्कासाठी काढलेलं तेल ते, जाळूनच टाकायचं. आई ते सगळं पाण्यावरून चमच्यानं काढून एका जुन्या वाटीत करते, उरलेल्या वाती त्यातच टाकते आणि बाल्कनीत पेटवते. एकदम मोठा जाळ होतो, खोबऱ्याचा वास मजलाभर जातो. यंदा वाटी पेटवली तेव्हा खालून वॉचमन ओरडला, ताई, धूर येतोय, सगळं ठीक ना? मी वाकून सांगितलं, ठीक आहे, दिवे संपले. तो म्हणाला, "आज खिडकीत नाही दिसले, म्हणून बघत होतो."

आईनं आतून हाक मारली, पेले गरम पाण्यात घाल लवकर, गोठलं की मग निघत नाही.